सालभराचा अबोला

केजहून सुटलेल्या जीपमध्ये माझ्या शेजारी काळा चष्मा लावलेले एक आजोबा होते. मोतीबिंदू काढल्यानंतरची तपासणी करून ते गावी परतत होते. दर वळणाला चष्मा उचलून बाहेर बघत आणि स्वतःशीच हसत.

"म्या सालभर दोस्ताशी अबोला धरला," ते मला म्हणाले. "आधी पारावर रोज रामराम घालायचो, गडी बोलायचा न्हाई, मग म्या बी सोडलं. काल नीट बघितलं, तर तिथं पाण्याची टाकी हाय. वर कुणीतरी टॉवेल वाळत घालतंय, त्यो मला त्याचा फेटा वाटायचा."

त्यांचं गाव आलं. पारावर एक म्हातारा बसला होता. आजोबांनी उतरून आधी त्याचा खांदा चाचपला, मग हात धरला.

"चुकलं माझं. बोल की बे."

"कोण हाय? मला काय दिसंना."

आजोबांनी आपला चष्मा काढून त्याच्या डोळ्यांवर चढवला. "आता?"

"आता तर लईच अंधार झाला," म्हातारा म्हणाला, पण त्यानं हात सोडला नाही.