कान्हेरीच्या वाटेवर, माझ्या वाघाची जागा शोधताना

कांदिवलीच्या आमच्या बिल्डिंगीतून रिक्षाने निघालं की पंधराव्या मिनिटाला पृथ्वी संपते आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं फाटक लागतं. अलीकडे हमरस्ता गुरगुरत असतो. पलीकडे पाच पावलं टाकली की माझं घड्याळ दर वेळी मंदावतं. दुरुस्तीला दिलं होतं. घड्याळवाला म्हणाला, दोष जंगलाचा आहे.

या खेपेला सोबत हिराजी होता. मढचा कोळी. तीसेक वर्षांपूर्वी पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की तो साकीनाक्याला आमच्या वर्कशॉपमध्ये कामाला यायचा आणि मी लेथवर उभा राहून त्याला गोष्टी सांगायचो. त्यातली सर्वांत गाजलेली म्हणजे कान्हेरीच्या रानात मला भेटलेला बिबट्या. सात हात लांब, डोळे ट्रकच्या दिव्यांएवढे. मी नजरेला नजर भिडवली आणि तो मान खाली घालून निघून गेला. अख्खं वर्कशॉप हसलं. हिराजी हसला नाही. त्याने काळजीने विचारलं, "मग घरी कसा गेलास?"

खरं सांगायचं तर ते एक पिवळं कुत्रं होतं.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. काचबिंदूने त्याची नजर कडेकडेने विझत आली आहे. आता नळीतून बघावं तसं फक्त मधलं दिसतं, आणि तेही किती दिवस, हे डॉक्टरांना सांगता येईना. "अंधार व्हायच्या आत मना ती तुजी वाघाची जागा दाव," तो म्हणाला. तीस वर्षं माझ्यावर विश्वास ठेवणारा जगात एकच माणूस, आणि त्याला दाखवायला माझ्याकडे जागाच नव्हती.

थंडीची सकाळ होती. धुकं झाडांच्या कमरेला गुंडाळून बसलेलं. कांडोळाची पांढरी खोडं त्यातून अशी उभी, की कोणीतरी आंघोळ करून निथळत थांबलंय. कान्हेरीच्या पायऱ्यांखाली लखमीबाई बोरं आणि आवळे मांडत होती. जंगलातल्याच वारली पाड्यावर (आदिवासींच्या छोट्या वस्तीवर) ती राहते. आम्ही आवळे खात असतानाच एका माकडाने हिराजीचा डबा पळवला. डब्यात सुके बोंबील होते. माकडाने झाकण उघडलं, एकदा हुंगलं, आणि डबा परत आणून हिराजीच्या पायाशी ठेवला. झाकण लावून.

"मोठ्या घरचं दिसतंय," हिराजी म्हणाला.

लेण्यांमध्ये आम्ही तासभर भटकलो. म्हणजे माझ्या घड्याळाने तासभर. दगडाच्या हिशेबात शतकभर तरी असावं. हिराजी भिंती हाताने वाचत चालला. एका खोलीत भिक्षूंसाठी कोरलेला दगडी ओटा होता, त्यावर तो उताणा पडला. बाहेर पोढीत (कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यात) एक थेंब पडला, आणि तो पडल्याचा आवाज बराच वेळ लेण्यात फिरत राहिला.

"होडीत झोपल्यासारखा वाटतंय," तो डोळे मिटून म्हणाला. मग उठून बसला. "चल. जागा."

पायऱ्या उतरून आल्यावर मी लखमीबाईला बाजूला घेतलं. वाघ येईल अशी कुठलीही जागा दाखव, म्हटलं. तिने उरलेली बोरं टोपलीत भरली. "घरी जायचंच आहे मला," ती म्हणाली. "या मागून. पण आधी वाघोबाला सांगावं लागेल."

पाड्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर शेंदूर लावलेला दगड होता. त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र आणि सूर्य. तिच्याकडची रीत अशी, की पुढे जाणाऱ्याने तिथे थांबून आपण कोण आणि कशाला आलो, ते मोठ्याने सांगायचं.

हिराजीने डब्यातला सगळ्यांत मोठा बोंबील दगडापुढे ठेवला. "मी हिराजी. मढचा. डोले चाललेत. यानं बगला तो मना बी दिसूदे."

माझी पाळी आली. माझी जीभ जगात कुठे अडत नाही. तिथे अडली. "मी याच्यासोबत आलोय," एवढंच बोललो.

पुढे ओढा होता. पाणी करंगळीएवढं, पण झुळझुळ ऐकून वाटावं की कोणी झोपेत बोलतंय. मी पलीकडच्या काळ्या खडकाकडे बोट केलं. "हाच."

हिराजी त्या खडकासमोर मांडी घालून बसला. लखमीबाई मागे उभी राहिली. मी त्याच्या शेजारी टेकलो आणि लाजेने डोळे मिटले. आता सांगून टाकायचं, असं ठरवून मनात वाक्य जुळवू लागलो. पहिला शब्द सापडतोय तोच हिराजीने माझं मनगट असं धरलं, की ती बोटं आजही तिथे उमटलेली आहेत.

मी डोळे उघडले. समोर कारवीची एक फांदी हलत होती. बाकी काही नाही.

"गेला," हिराजी कुजबुजला. "बराबर मधून गेला."

लखमीबाई ओढ्याच्या काठाशी गेली आणि तिने चिखलातला ठसा आम्हाला दाखवला. माझ्या तळव्याएवढा. त्यात पाणी अजून भरत होतं.

संध्याकाळी त्याला मढला सोडायला गेलो. अंगणात त्याची बायको, पारूवहिनी, आणि शेजारच्या दोघी जणी मासळी निवडत होत्या. हिराजीने सगळी गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. "वाघ दिसला. पाणी पिऊन गेला." बायकांचे हात थांबले. एकीने नमस्कार केला. तीस वर्षं सात हातांचा बिबट्या फिरवून मला जे जमलं नव्हतं, ते त्याला दोन वाक्यांत जमलं.

"हा बी होता," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. "यानं दुसऱ्यांदा बगला."

"मी नाही बघितला," मी म्हणालो. "आज माझे डोळे मिटलेले होते. आणि तेव्हाही नव्हता बघितला. ते कुत्रं होतं, हिराजी. पिवळं."

"भावजी, तुमच्या थापा काय संपायच्या नाय," वहिनी म्हणाल्या आणि तिघी हसायला लागल्या.

हिराजी हसला नाही. त्याने मान वळवली, मला त्याच्या नजरेच्या त्या नळीत नीट बसवलं आणि विचारलं, "चावलं नाय ना तुना?"

"नाही," मी म्हणालो. "शेपूट हलवत होतं."