अक्कांनी मला ढकलायला शिकवलं

आमच्या अक्का काल दुपारी गेल्या, आणि आज त्यांच्या घरी सगळे हसताहेत.

गैरसमज नको. रडूनही झालंय. पण जो येतो तो अक्कांचा एखादा किस्सा सांगतो, आणि मग कुणालाच आवरत नाही.

माझा किस्सा मोठा आहे. तिथे सांगता आला नाही, म्हणून इथे लिहिते.

शकुंतला अक्का. कुंभकोणममध्ये मुलींच्या शाळेत तीस वर्षं पीटी टीचर. घरात तंजावूरकडची जुन्या वळणाची मराठी, बाहेर खणखणीत तमिळ. रिटायर झाल्यावर चेन्नईला जाऊन बॉडी थेरपी शिकल्या. मनाला बसलेला धक्का शरीराच्या वाटेने बरा करायचा, ती. वर्गात सगळे पंचविशीतले आणि ह्या एकट्या साठीच्या.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन कुंभकोणमला आले.

सहा वर्षांपूर्वी जवळच्या आडुतुरै गावाहून परत येताना आमच्या गाडीला बाजूने ट्रॅक्टर धडकला. नवरा बाहेर पडू शकला. माझं दार आत चेपलं, सीटबेल्ट अडकला. पाऊण तास मी तशीच, हात छातीशी दाबलेले.

हाडं शाबूत. रिपोर्ट नॉर्मल.

घरी आले तर आमची मीरा, तेव्हा चार वर्षांची, धावत आली आणि तिने मला मिठी मारली.

मी किंचाळले.

कुणी घट्ट धरलं की माझा श्वास बंद व्हायचा. डोक्याला कळायचं, ही माझी लेक आहे. अंगाला कळायचं नाही.

महिन्याभरात मीरा शहाणी झाली. एक दिवस शेजारच्या बाईंना सांगत होती, "आईला पकडायचं नाही. लांबून टाटा करायचा."

त्याच संध्याकाळी नवऱ्याने मला अक्कांकडे नेलं. चालत. गाडीत मी बसतच नव्हते.

अपघाताची सगळी हकीकत मी मनात जुळवून गेले होते. अक्कांनी हात वर केला.

"गोष्ट नक्को. पहिले सांग, तुझे पाय कोठें आहेत?"

"हे काय, खाली."

"पाहून सांगू नक्को. आतून सांग."

मला सांगता येईना. पायाखालची फरशी गार आहे की कोमट, तेही कळत नव्हतं.

पहिले तीन आठवडे आम्ही एवढंच केलं. पाय टेकवायचे. मान हळू वळवून खोली बघायची. दार कुठे, खिडकी कुठे. श्वास अडला की थांबायचं.

नवरा विचारायचा, "आज काय झालं?"

"फरशी गार होती."

"अरे वा," म्हणायचा बिचारा.

मग एक दिवस अक्कांनी विचारलं, "गाडीत तुझ्या हातांना काय करायचं होतं?"

विचार न करताच तोंडातून गेलं, "दार ढकलायचं होतं."

"मग ढकल."

समोर उभं राहून त्यांनी तळवे पुढे केले. मी माझे टेकवले.

"घाई नक्को. हात मागतील तेवढंच."

दंडातून काहीतरी सुटायला लागलं. पाय रोवले गेले. मी ढकलत गेले, घशातून कसलासा आवाज निघाला, आणि चौसष्ट वर्षांच्या पीटी टीचर मागच्या गाद्यांवर धप्पकन बसल्या.

"अक्का! लागलं का?"

त्या पोट धरून हसत होत्या. "अगे, उघडलं की दार!"

आणि मी थरथरायला लागले. गुडघे, हनुवटी, सगळं. वाटलं, संपलं, परत तेच.

अक्का शेजारी येऊन बसल्या, मला हात न लावता. "थांबवू नक्को. भ्यालेलं अंग कापतं, मग निवतं. करू दे त्याला त्याचं काम."

कापरं थांबलं तेव्हा मी रडत होते, हसत होते, आणि मला सपाटून भूक लागली होती. त्यांच्या घरचा सगळा दहीभात मी संपवला.

एका दिवसात चमत्कार झाला, असं नाही. कित्येक महिने गेले. दोन पावलं पुढे, एक मागे.

मग अक्कांनी मीराला बोलावलं. "आईला आधी विचारायचं, किती घट्ट? ती सांगेल तेवढंच."

मीराने हॉटेलात ऑर्डर घेतात तसं विचारलं, "पाव, अर्धी की फुल?"

"पाव."

संक्रांतीच्या सुमारास एकदा मी म्हणाले, "फुल."

पोरीने असं आवळलं की माझं कानातलं तुटलं. श्वास मात्र चालू होता. मी मोजून बघितला.

पुढच्या महिन्यात अक्कांचा निरोप. तिरुभुवनमला साडी घ्यायची आहे, गाडी काढा, तुझी निवड चांगली. शुद्ध थाप. साडी घेताना त्यांनी आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं.

आणि रस्ता तोच, आडुतुरैचा.

ती जागा आली. नवऱ्याने वेग कमी केला. "थांबवू?"

मी काच खाली केली. शेतात भाताची कापणी चालली होती, बायका मोठमोठ्याने बोलत होत्या. पाय कुठे आहेत, ते आतून बघितलं. होते जागेवर.

"चल," म्हणाले.

मागच्या सीटवरून अक्कांनी शाळेची शिटी अशी जोरात वाजवली की नवऱ्याने करकचून ब्रेकच मारला. "अक्का, आता मला थेरपी लागेल!" तो ओरडला. तिरुभुवनम येईपर्यंत आम्ही तिघं हसत होतो.

साडी त्यांनी स्वतःच्याच पसंतीने घेतली.

गेल्या आठवड्यात भेटले तेव्हा थकल्या होत्या. हृदयाने कुरकुर सुरू केली होती. माझे डोळे भरलेले बघून म्हणाल्या, "मी गेल्यावर खोलीचं दार लावून रडत बैसू नक्को. रडायचं तर चालत रड."

आज सकाळी गावातल्या महामहम तळ्याभोवती चालले. पहिली फेरी रडत. दुसरीही.

तिसऱ्या फेरीत मीरा येऊन सोबत चालायला लागली. आता दहा वर्षांची आहे, माझ्यापेक्षा भरभर चालते.

अक्का, तुम्ही सांगितलंत तसंच केलं.

तुम्हाला मन भरून नमस्कार. सुखाने जा.