हाय तशीच हाय

महादू बोटीवरून उतरला की कधी खरं सांगत नाही. टोपल्या भरलेल्या असोत, कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, “काय नाय, चार बोंबील गावलं.” तारापूरकडच्या आमच्या किनाऱ्यावर सगळे असंच बोलतात. चांगलं झालेलं तोंडाने सांगितलं की दृष्ट लागते म्हणे. मी बोईसरच्या कारखान्यात कामाला जातो, स्वतःला शहाणा समजतो, पण पगार विचारला की मीही “भागतं कसंबसं” म्हणतो. तेव्हा महादूच्या बायकोला, मंजुळेला, नावं ठेवायला मला तोंड नाही.

मंजुळा माझी शेजारीण. तिच्या मुलीचं नाव पूर्वी. ती जन्मली तेव्हा रडलीच नाही. पुढे मान धरेना, बसेना, मुठी कायम आवळलेल्या. शाळेचं वय झालं तरी खाटेवरच. अशात शहरातल्या एका संस्थेचं संशोधन गावात आलं. अशा मुलांना घरी येऊन व्यायाम शिकवले तर फरक पडतो का, हे त्यांना बघायचं होतं. पडला, तर ही सोय कायमची होणार होती.

हिमानी नावाची थेरपिस्ट दर आठवड्याला पालघरहून स्कूटरवर यायची. तिने पट्ट्यांची खास खुर्ची आणली. पूर्वी पहिल्यांदा ताठ बसली. खेळण्यांकडे मात्र ती ढुंकून बघेना. मग हिमानीने डोकं लढवलं. बोंबील वाळत घालताना आम्ही एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतो आणि जोडी दोरीवर टाकतो. तिने पूर्वीच्या हातात बोंबीलच दिले. ते बुळबुळीत मासे पोरीने इतके सांडले की गल्लीतल्या मांजरांची चंगळ झाली. पण शेवटी एक जोडी अडकली. मंजुळा ढसाढसा रडली आणि लगेच उठून तिने खुर्ची भिंतीकडे वळवली. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांनी बघायला नको. पोरीच्या गालावर काजळाचा आणखी एक ठिपका आला.

वर्षभराने तपासायला संस्थेच्या दोन अनोळखी बाया आल्या. शिकवणाऱ्याने समोर थांबायचं नाही, असा नियम होता, म्हणून हिमानी आली नव्हती.

“मूल हाताने काही धरायला लागलं का?”

“काय नाय ओ बाय. हाय तशीच हाय.”

“काहीच फरक नाही?”

“नाय नाय,” मंजुळा म्हणाली, आणि दृष्ट लागू नये म्हणून पदराआड बोटं मोडली.

परकी माणसं बघून पूर्वीचं अंग ताठ झालं, मूठ उघडलीच नाही. बायांना पटलं. किनाऱ्यावरच्या बाकीच्या आयांनी तरी वेगळं काय सांगितलं असणार?

पावसाळ्यानंतर हिमानी आली ती टेम्पो घेऊन.

“मंजुळाताई, फरक पडत नाही असं ठरलंय. काम बंद झालं. खुर्ची परत मागितलीय त्यांनी.”

मंजुळा आतून बोंबील घेऊन धावत आली. पूर्वीने हसत हसत जोडी अडकवली.

“बघा ना! आता सांगते मी, समदं सांगते. लिवा तुमी!”

“मला माहीत आहे हो. मी सांगितलं त्यांना. पण शिकवणारीचं धरत नाहीत, आईचं धरतात.” हिमानीचे डोळे भरले होते. “तेव्हा का नाही बोललात?”

“पोरीला नजर लागली असती, बाय.”

टेम्पो गेला. महादूने फळ्या ठोकून खुर्ची केली, तिच्यातून पूर्वी घसरते. बाजाराच्या दिवशी मंजुळा पहाटेच टोपली घेऊन निघते, व्यायाम राहतात. पोरीची मूठ परत घट्ट मिटलीय. मला त्या संस्थेचा राग येतो, मंजुळेचाही येतो, आणि तिला बघितलं की कुठलाच राग टिकत नाही.

काल सहज विचारलं, “पूर्वी कशी आहे?”

“हाय तशीच हाय,” ती म्हणाली. या वेळी तिने बोटं मोडली नाहीत.