उरेब क्रॉस

त्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यामुळे समोरचा संघ फुटबॉलच्या सामन्याआधी त्यांनाच प्रशिक्षक समजून हात मिळवायला यायचा. मास्तरही मान डोलवून “पोरं तयार आहेत” असं ठोकून द्यायचे. पहिल्या पाच मिनिटांत गैरसमज दूर व्हायचा.

मास्तर म्हणजे बायकांचे कपडे शिवणारे शिंपी. रविवारी ते उजव्या कडेने खेळत. पळायला वाघ! चेंडू घेऊन थेट कोपऱ्याच्या झेंड्यापर्यंत पोचत. तिथून चेंडू उचलून गोलसमोर टाकायचा आणि तिथे उभ्या त्यांच्या उंचापुऱ्या मेव्हण्याने त्याला डोकं लावायचं, यालाच क्रॉस म्हणतात. मास्तरांचा क्रॉस मात्र कधी मागच्या गॅरेजच्या पत्र्यावर दणकायचा, कधी पंचाच्या पोटावर. मेव्हण्याच्या डोक्यावर तीन वर्षांत एकदाही आला नव्हता.

“भावोजी, माझं डोकं काय लहान आहे?”

“मोठं आहे हो. वापरायची सवय नाही, एवढंच.”

शेवटी कप्तानाने तोंड उघडलं. त्याचं औषधांचं दुकान होतं, त्यामुळे तो कडू बोलणंही पुडीत बांधून द्यायचा. “मास्तर, येत्या रविवारी एक तरी क्रॉस नीट यायला हवा. नाहीतर पुढे तुम्ही बाहेर बसा. आणि बसणारच आहात, तर आमच्या चड्ड्यांची इलॅस्टिकं बदलून टाका.”

हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. रविवारी मैदानातही चड्ड्याच शिवायच्या, म्हणजे रविवारचा सोमवारच की!

त्यांनी टेप लावून मेव्हण्याची कपाळापर्यंतची उंची घेतली. मग रोज संध्याकाळी दुकानामागच्या मोकळ्या जागेत चेंडू बडवायला लागले. चेंडू बाणासारखा सरळ जायचा, वळायचं नावच नाही. मशीनचं पायडल मारून मारून उजवं पाऊल पुढे-मागे एवढंच शिकलेलं.

शुक्रवारी बायको दुकानाच्या खिडकीशी बसून ब्लाउजच्या गळ्याला पट्टी लावत होती. बराच वेळ हा तमाशा पाहून ती म्हणाली, “अहो, ही पट्टी तुम्ही कशी कापलीत?”

“उरेब. म्हणजे तिरपी. सरळ कापली तर गळ्याभोवती वळेल का? चुण्या पडतील.”

“मग चेंडूलाच काय सरळ कापताय?”

मास्तर जागीच थबकले. मग चेंडूच्या पोटात घालायची लाथ त्यांनी जरा खाली आणि बाजूला घातली, पावलाच्या आतल्या अंगाने. चेंडू उठला, हवेत वळला आणि दोरीवरच्या चादरीवर जाऊन आदळला.

“उरेब!” मास्तर ओरडले.

“धुतलेली होती,” बायको म्हणाली.

रविवारी शेवटची पाच मिनिटं उरली, तरी एकही गोल नव्हता. मास्तर कोपऱ्याशी पोचले, एकदा मान वर करून पाहिलं आणि तिरपा पाय घातला. चेंडू गोलरक्षकाच्या हातांपासून अलगद दूर वळत, मापात शिवल्यासारखा, अचूक मेव्हण्याच्या कपाळाच्या उंचीवर आला.

कपाळच जागेवर नव्हतं. मेव्हणा वीस पावलं मागे, कमरेवर हात ठेवून गॅरेजच्या पत्र्याकडे बघत उभा होता. चेंडू सगळ्यांसमोरून ऐटीत पलीकडे निघून गेला.

“अहो मेव्हणे! होतात कुठे?”

“आज वळणार आहे, हे आधी सांगायचं नाही का?”

“काय पत्रिका छापायची होती?”

कप्तानाने दोघांना गप्प केलं. “क्रॉस नीट आला, मी पाहिलाय. मास्तर संघात राहतील. पळायचं आता मेव्हण्यांनी.”

दोनच मिनिटं उरली होती. मास्तर पुन्हा कोपऱ्याशी पोचले, पुन्हा तोच पाय, तोच झोका. या खेपेला मेव्हणा जिवाच्या आकांताने धावला. वेळेवर पोचलाही, पण डोळे घट्ट मिटून. चेंडू नाकावर बसला आणि खांबाबाहेर गेला. पंचाने शिटी वाजवून सामना संपवला.

मेव्हणा नाक धरून गवतात बसला. “झाला का गोल?”

“छे!” मास्तर त्याच्यापुढे वाकले. “पण क्रॉस कसा होता?”

“दिसला नाही. लागला मात्र चांगला.”

मास्तरांचं समाधान झालं.