दाराबाहेर बसून खोकायचं काम

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. आई पोरीला तेल लावणार, आई डिंकाचे लाडू वळणार, आई दवाखान्यात बरोबर जाणार. माहेरात आईच नसली तर काय करायचं, हे कुणी ठरवून ठेवलेलं नाही. माझी पोरगी पहिल्या खेपेला माझ्याकडं आली तेव्हा तिची आई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात मी एकटा. शाळा चौथीपर्यंत, आणि पुढचा सगळा जन्म फौंड्रीत साच्यात लोखंड ओतण्यात गेलेला. भाकरी मला येते, पण साच्यातून निघालेल्या मालाला आम्ही 'जॉब' म्हणतो, तसं पोरगी माझ्या भाकरीला 'जॉब' म्हणायची. म्हणायची, आबा, ह्यो जॉब जरा जाड झालाय.

तिची आई पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली. मी हे चारचौघांत सरळ सांगतो. लोक माना खाली घालतात, तर घालू देत. लपवलं म्हणूनच ती गेली. वर्षभर अंगावरून रक्त जात होतं, आणि पाळी जायचं वय झालंय म्हणून ती स्वतःचीच समजूत घालत होती. मला विचारायचं सुचलं नाही, तिला सांगायचं सुचलं नाही. तशी ती गप्प बसणारी बाई नव्हती. तिचा आवाज असा, की ती घरात जरा हळू बोलली तर शेजारच्या वयनी डोकावून विचारायच्या, बरं न्हाय का? गवळ्याशी भांडायची, पाणी सोडणाऱ्याशी भांडायची, मी जेवताना पुढं बसून माझ्याशी भांडायची. पंचवीस वर्षं सगळं बोलली आणि एवढं एक बोलली नाही.

पोरगी आली ती तिसऱ्या महिन्यात. उलट्या थांबेनात म्हणून जावयानं आणून सोडली. चार दिवस विश्रांती घेईल, मग जाईल, आणि सातव्यात रीतीप्रमाणं परत येईल, असं ठरलं. मला बरं वाटलं. घरात बांगड्यांचा आवाज आला.

दोनच दिवसांत माझ्या लक्षात आलं की ही दर तासाला मोरीत जाते, आतून कडी लावते, आणि बाहेर आली की हिच्या तोंडावर रंग नसतो. मी ते तोंड ओळखलं. तिची आई त्या वर्षभर अशीच मोरीतून बाहेर यायची आणि मला वाटायचं, दमली असेल.

दुपारी ती मेथी निवडत बसली होती. मी भिंतीकडं बघून विचारलं, कारण तिच्याकडं बघून विचारणं मला जमलं नसतं.

"पोरी, रगात जातंय का तुझं?"

तिचा हात थांबला. "आबा, असलं काय इचारताय?"

"तुझ्या आईला इचारलं न्हाय. तुला इचारतोय."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, थेंबभर हाय, दोनदाच. आणि पदर तोंडाला लावून रडली. मला बी आईसारखंच होणार, असं म्हणत होती. मी मेथी जवळ ओढली आणि निवडायला लागलो. देठासकट सगळी एकत्र केली, ते नंतर कळलं.

राजारामपुरीत एक डॉक्टरीण बाई होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा केली. बायकांच्या दवाखान्यात नुसता बाप कसा शिरणार, म्हणून शेजारच्या वयनींना बरोबर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी आधी बाळ बघितलं. ठोके चांगले होते. अशा दिवसांत थोडं रक्त कधीकधी जातं, म्हणाल्या. मग त्यांनी आईची चौकशी केली, आणि वयनींनी सगळं सांगितलं. तेव्हा बाई म्हणाल्या, पिशवीचं तोंडही एकदा बघून घेऊ, तिथलं थोडं पुसून काचेच्या पट्टीवर घेऊ आणि तपासायला पाठवू.

पोरगी उठून उभीच राहिली. बाळाला धक्का बसेल म्हणाली. वयनी समजावून थकल्या. शेवटी बाईंनी मला आत बोलावलं. मी चपला दाराशी काढून गेलो, देवळात गेल्यासारखा. बाईंनी मला ते काडीसारखं हत्यार दाखवलं. म्हणाल्या, "मामा, हे आत बाळापर्यंत जात नाही. दारावरची धूळ पुसायची, घरात पाऊल टाकायचं नाही. एवढंच." पुढं हेही म्हणाल्या, की आईला झालं म्हणजे मुलीला होतंच असं नाही, पण बघून ठेवलेलं बरं. नंतर एखादा डाग दिसला तर घाबरायचं नाही, जास्त गेलं तर लगेच यायचं.

मला ते पटलं. आम्ही जॉब साच्यातून काढला की आधी वरचं तोंड घासून बघतो. आत खोट असेल तर तिथं पहिल्यांदा दिसते. मी पोरीला तसं सांगितलं. ती म्हणाली, मी काय तुमचा जॉब हाय काय. पण जरा हसली. मग हळूच म्हणाली, "आबा, तुमी दाराभाईरच बसा. आणि खोकत ऱ्हावा. म्हंजे मला कळंल."

फौंड्रीतल्या माणसाला खोकला शिकवावा लागत नाही. तीस वर्षांची धूळ छातीत आहे. मी बाकड्यावर बसलो आणि खोकायला लागलो. समोरच्या दोन गरोदर बायका सरकून लांब बसल्या. काउंटरवरच्या बाईनं पाण्याचा ग्लास आणून दिला. मी पाणी प्यालो आणि परत खोकलो. ती म्हणाली, मामा, छातीचे डॉक्टर पलीकडच्या गल्लीत हायत. तेवढ्यात पोरगी बाहेर आली. झालं पण, म्हणाली. मीच जास्त दमलो होतो.

रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस पोरीनं मला भाजून काढलं. आबा, आज पोट जड वाटतंय. आबा, पाठ दुखतीया, आईची बी दुखायची न्हवं? आबा, मी बारीक झालो का? कामावरून आलो की दारातच प्रश्न. वयनींना विचारायची, त्यांच्या सुनेला विचारायची, भाजीवालीलाही तिनं विचारलं असणार. जेवण अर्ध्यावर सोडायची आणि अर्ध्यावर सोडलं म्हणून आणखी घाबरायची.

तेव्हा मला तिच्या आईनं घालून दिलेला नियम आठवला. तिच्या आजारपणात असा मी झालो होतो. उठता बसता विचारायचो, दुखतंय का, किती दुखतंय, कालच्यापेक्षा जास्त हाय का. एकदा सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "अवं, तुमी इचारल्यानं दुखायचं थांबत न्हाय. न दुखणारं बी दुखाय लागतंय. दिवसातनं एकदा इचारायचं, च्याच्या वक्ताला. मी खरं सांगीन. कप पालथा घातला की इषय बंद. मग मला जरा जगू द्या की."

आणि ती खरं सांगायची. आज लई हाय. आज बरं हाय. मग कप बशीत पालथा, आणि दिवसभर ती माझ्याशी भांडायला मोकळी. शेवटचे सहा महिने आम्ही तसे काढले. माझ्या संसारातले ते वाईट दिवस नव्हते, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही.

मी तोच नियम पोरीला घालून दिला. पोरगी आईची, म्हणून लगेच पळवाट काढली. चहा बशीत ओतायची, परत कपात ओतायची, फुंकर मारत बसायची. तिचा अर्धा कप चहा तासभर पुरायचा आणि तासभर प्रश्न चालायचे. मी म्हणालो, आता गार झाला, पी आणि घाल पालथा. ती तोंड वाकडं करून घालायची. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जेवायला लागली. एका संध्याकाळी तर जावयाच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली.

रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. ती येत नाही म्हणाली. डॉक्टरीणबाई कुठल्या तरी बाळंतपणाला गेल्या होत्या, काउंटरवरच्या बाईनं पाकीट हातात दिलं. मी जिन्यातच ते उघडलं. सगळं इंग्रजी. आणि खाली एका ओळीभोवती लाल पेनानं गोल.

आमच्या फौंड्रीत माल तपासणारा साहेब खडू घेऊन फिरायचा. पांढरी खूण म्हणजे माल चांगला. लाल गोल म्हणजे फोडा आणि परत भट्टीत टाका. तीस वर्षांत लाल गोल पडलेला एकही जॉब गाडीत चढलेला मी बघितला नव्हता. सायकल हातात धरून मी चालत घरी आलो. वाटेत कुणाला तरी दाखवून वाचून घ्यावं, एवढीही अक्कल राहिली नाही. लाल गोल मला वाचता येत होता की.

घरी आल्यावर पाकीट कॅलेंडरच्या मागं खोचलं आणि पोरीला म्हणालो, अजून आला न्हाय. म्हणजे जे तिच्या आईनं केलं तेच मी केलं. हे आज लिहिताना समजतंय, तेव्हा समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो. तिनं विचारलं, आबा, आज येतोय का रिपोर्ट? मी म्हणालो, येईल. आणि विषय लवकर बंद व्हावा म्हणून कप पालथा घातला. भरलेला. चहा बशीतून सांडून चटईवर आला.

ती चहाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कुठं ठेवलाय?"

मी कॅलेंडरकडं बघितलं. तिनं उठून पाकीट काढलं. लाल गोल तिनंही बघितला. मला वाटलं ही आता कोसळणार. तिनं आधी चटई पुसली. मग साडी बदलली, माझी टोपी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, चला. आठ दिवस जी मला हैराण करत होती ती रिक्षात माझा हात धरून बसली होती, आणि आता दर चौकाला प्रश्न मी विचारत होतो.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं. कॅन्सर नाही, म्हणाल्या. पिशवीच्या तोंडाला जरा सूज आहे, थोड्या पेशी बदललेल्या दिसतात, त्या बऱ्याचदा आपोआप सुधारतात. बाळाला काही नाही. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी परत बघायचं, तेवढं विसरू नये म्हणून गोल केला होता. मी लाल खडूचं सांगितलं. त्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "मामा, माझ्या टेबलावर निळं पेन राहतच नाही, कुणीतरी उचलून नेतं. म्हणून लाल." मग जरा रागावल्या. कागद समजला नाही तर रात्र काढायची नाही, येऊन विचारायचं, असं बजावलं. पोरगी म्हणाली, न्हाय बाई, आमच्यात दडवायचीच पद्धत हाय. आणि माझ्याकडं बघितलं. मी ऐकून घेतलं.

उठताना मी बाईंना विचारलं, हिच्या आईचं असंच आधी पुसून बघितलं असतं तर? त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, तर कदाचित वेळेत कळलं असतं, पण तुम्हाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. 'कदाचित' हा शब्द त्यांनी माझ्यासाठी घातला होता, एवढं मला समजतं. जिन्यातून उतरताना पोरगी पुढं होती. मी मागं राहून जरा रडून घेतलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

सातव्या महिन्यात पोरगी परत आली. डिंकाचे लाडू वयनींनी केले, तेल लावायला बाई ठेवली, आणि भाकरी मी केली. मुलगी झाली. आवाज आजीचा. पहिल्याच दिवशी सगळ्या वॉर्डाला कळलं की ही आली.

तीन महिने झाल्यावर आम्ही परत त्या जिन्यानं वर गेलो. तो रिपोर्ट चांगला आला, ते आत्ताच सांगून टाकतो. पण त्या दिवशी ते माहीत नव्हतं. पोरीनं तान्हीला माझ्या मांडीवर दिलं. तान्ही नुकतीच झोपली होती. मी घसा साफ करून तयारीला लागलो, तर ती म्हणाली, "आबा, आता खोकू नगा. उठंल ती." आणि दार लावून आत गेली.

मी बसलो. छातीत खोकला दाटून आला होता. मी तो दाबला, डोळ्यांत पाणी आलं, तरी दाबला. तान्हीनं झोपेत माझं बोट धरलं होतं. दारापलीकडं काहीच आवाज नव्हता. मी त्या दाराकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हिला कसं कळणार मी इथंच आहे म्हणून.

तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. एकदा. जरा वेळानं परत एकदा. पोरीला खोकला नव्हता.