मुहूर्त आणि माझं पोट

माझ्या सासूबाई यू-मान लूगांग गावातल्या मंदिरामागे डुकराच्या मटणाचा रस्सा आणि भात विकतात. वाढताना त्यांचा हात कधी आखडला नाही आणि मला बोलताना जीभ. लग्नात मी चौऱ्याण्णव किलोची होते. त्या पाहुण्यांना सांगत होत्या, "एक सून मागितली, देवानं दीड दिली!"

दिवस राहण्याआधीच डॉक्टर च्येनबाईंनी मला वजन उतरवायला सांगितलं होतं. पण त्या घरात कुठलं उतरतंय! मग सातव्या महिन्यात बाई म्हणाल्या, "आधीपासून वजन जास्त असलं की कळा लांबतात, पिशवीचं तोंड हळूहळू उघडतं. पोट कापायची वेळही जास्त येते. पण कापलं तर तुझी जखम लवकर भरणार नाही. बाळ ठीक आहे तोवर घाई नाही करायची."

मला तेच हवं होतं. पोट कापून घ्यायची मला भयंकर भीती वाटत होती.

सासूबाईंनी मात्र ज्योतिष्याकडून लाल कागद लिहून आणला: सोळा तारीख, सकाळी नऊ ते अकरा.

"या वेळेला जन्मलेलं पोर साहेब होतं," त्या म्हणाल्या.

"आणि अकरानंतरचं?"

"आपल्यासारखं भात विकतं."

आमची निम्मी गल्ली मुहूर्त बघूनच जन्मलेली आहे. तीही भातच विकते.

पंधराच्या संध्याकाळी कळा सुरू झाल्या आणि आम्ही दवाखाना गाठला. सोळाला सकाळी सव्वादहाला तपासून डॉक्टरबाई म्हणाल्या, "अजून निम्मंही उघडलं नाही."

"मग कापा की!" सासूबाईंनी लाल कागद पुढे केला.

"बाळाचे ठोके छान आहेत, मावशी. कशाला कापू? आणि सही हिची लागेल."

"ती करेल. टिंग-वेई, पेन आण!"

माझा नवरा टिंग-वेई आईच्या शब्दाबाहेर नाही. तो पेन शोधायला गेला. मी इतकी थकले होते, की त्याला तेव्हाच पेन मिळालं असतं तर मी सही करून मोकळी झाले असते.

तेवढ्यात माझ्या पोटाला पट्ट्यानं जोडलेल्या यंत्रातले बाळाचे ठोके बंद झाले. सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या.

"काही नाही हो," नर्स म्हणाली, "पोट मोठं आहे ना, पट्टा घसरतोय. मावशी, ही ठोके ऐकवणारी चकती इथे अशी दाबून धरा. हलवू नका."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी चकती दाबली. धक्-धक्-धक्-धक्. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

पेन घेऊन टिंग-वेई आला. "आई, वीसच मिनिटं उरली. सही घ्यायची ना?"

"गप रे मेल्या! ठोके ऐकू येत नाहीयेत."

अकरा वाजले. एक वाजला. दुकान बंद, जेवण नाही, तरी त्या हलेनात. नर्स हात बदलायला आली, तर म्हणाल्या, "तुझ्या बोटांत जोर नाही." माझे पाय सुजले होते, त्यांची बोटं अवघडली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांच्याबद्दल माया वाटली.

सव्वाचारला मुलगी झाली. माझ्या पोटाला टाकासुद्धा लागला नाही. पोरीनं टाहो फोडला, तरी सासूबाईंनी चकती सोडली नव्हती.

"मावशी, सोडा आता," बाई हसून म्हणाल्या. "बाळ बाहेर आलंय."

"थांबा हो," असं म्हणत त्यांनी चकती उचलली आणि माझ्या छातीवर धरली. "आधी हिचे ठोके बघू दे."