दीनाबाईंची भिंत

"रडून झालं असेल तर पाटी काढा," असं दीनाबाई म्हणायच्या. गुडघा फोडून आलेल्या पोराला म्हणायच्या, आणि घणाखाली बोट सापडलेल्या बाईला टिंक्चर लावता लावताही म्हणायच्या. खाणीवर त्या बोलण्याची थट्टाच होऊन बसली होती. सुरुंग फुसका गेला, की टोळीतला एखादा दुसऱ्याला म्हणायचा, "रडून झालं आसंल तर पहार काढ!" दीनाबाई ते ऐकून हसायच्या. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मात्र त्यांचं हसणं आटत गेलं.

नागापूरला कारखान्यांच्या शेडी उठत होत्या. त्यांच्या पलीकडे, उघड्या डोंगराच्या कुशीत दगडाची खाण होती आणि खाणीच्या काठावर वस्ती. साऱ्या मुलखाच्या भिंतींचा दगड ज्यांच्या हातांनी फोडला, ती माणसं पाचटाच्या खोपटात राहत होती. दुष्काळ पडला तसे आसपासचे कुणबीही हातात हातोडा घेऊन तिथंच येऊन बसले. सरकारनं रस्त्याचं काम काढलं होतं. त्याला खडी लागायची, आणि फोडलेल्या ढिगाचं माप घेऊनच मजुरी मिळायची.

दीनाबाई सोनईच्या. वडील शलमोन मास्तर मिशनच्या शाळेत होते, त्यामुळे खडू दीनाबाईंनी बाळपणापासूनच हातात धरलेला. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. सरकारी नेमणूक घेऊन त्या खाणीवर आल्या, तेव्हा शाळा म्हणजे एक लिंबाचं झाड आणि एक फळा एवढंच होतं. शाळेची वेळ संपली तरी बाई घरी जायच्या नाहीत. कुणाचा अर्ज लिहून दे, कुणाच्या तापल्या लेकराला नगरच्या दवाखान्यात ने, दुपारी पोरांना सरकारी सुकडीचा खाऊ वाट. या कामाला कुणी त्यांना नेमलं नव्हतं आणि त्यांनीही कधी कुणाला विचारलं नव्हतं.

एकच गोष्ट मागून मागून त्यांचा जीव थकला होता. शाळेला खोली हवी होती. शिक्षणखात्याच्या कचेरीत किती खेटे घातले. शेवटी साहेब म्हणाले, "खिडकीच्या उंचीपर्यंत भिंत तुम्ही उभी करा. वरचं काम आणि पत्रे आम्ही देऊ. नाही जमलं तर ही शाळा गावातल्या शाळेत जाईल."

गाव दोन मैलांवर. बाईंनी पहिल्याच वर्षी पोरं तिथं नेऊन पाहिली होती. खाणीवरच्या पोरांना दाराशी बसवलं, वर "दगड्या, दगड्या" म्हणून चिडवलं. आठवडा सरायच्या आत एकही पोर जाईना. भिंत झाली तरच शाळा राहणार, हे वस्तीतल्या पोराटोरालाही ठाऊक होतं.

मग वस्तीनं एक रीत पाडली. बाजाराच्या दिवशी खाण बंद असायची. त्या दिवशी घरटी एक दगड शाळेला. म्हातारा आसाराम छिन्नीनं टाके घालून तो घडवायचा. त्याचा हात असा, की घडवलेल्या दगडावर छिन्नीच्या रेघा पेरणीच्या तासांसारख्या सरळ दिसायच्या. मातीत दगड बसवत बसवत भिंत कमरेपर्यंत आली. उरलेले घडीव दगड शेजारी रचून ठेवले होते. खडी फोडणारी गोजरबाई जाता येता त्या थप्पीला हात लावायची. तिची लेक चांगुणा दुसरीचं पुस्तक घडाघडा वाचायची, त्याचा गोजरबाईला भारी तोरा.

मंगळवारी साहेब बघायला यायचे होते. रविवारी दीनाबाई नगरला ख्रिस्ती देवळात उपासनेला गेल्या, भाऊ इसहाकाकडे मुक्काम केला आणि सोमवारी सकाळी परत आल्या. लिंबापाशी आल्या आणि थांबल्या.

थप्पी नव्हती. भिंतही नव्हती. पाया तेवढा उरला होता.

खालच्या अंगाला खडीचे ढीग रचले होते, चौकोनी, माप घ्यायला तयार. बाई चालत ढिगापाशी गेल्या. वरच्याच थरात एक तुकडा होता, एका बाजूनं सपाट. त्यावर छिन्नीच्या सरळ रेघा होत्या.

"गोजरबाई!" त्यांचा आवाज चिरकला. "हे कुणी केलं?"

ढिगाशेजारी हातोडा घेऊन बसलेल्या गोजरबाईनं मान वर केली नाही. "समद्यांनी मिळून केलं."

"अगं, साहेब उद्या येणार! उद्या! एक दिवस दम निघाला नाही?"

"माप आज हाय, बाई. चार दिस झालं सुरुंगाची दारू आली न्हाई, दगूड सुटंना. कारकून म्हनला, ढीग भरला न्हाई तर टोळी बंद. दुसरी टोळी हुबीच हुती रस्त्याला."

"मला विचारायचं तरी! नगर काय विलायतेत आहे? कुणाला पाठवलं असतं तर आले असते मी."

"आन येऊन काय म्हनला असता?"

दीनाबाईंनी तो रेघांचा तुकडा उचलला आणि परत ढिगावर ठेवला.

"फोडा, आसंच म्हनला असता," गोजरबाई म्हणाली. "मंग सायबापुढं तुमीच गुन्हेगार. आता तुमाला ठावंच नव्हतं. खोटं बोलायला नगं."

बाईंनी हातातली छत्री फेकून दिली. ती खडीवर आपटली आणि तिची काडी मोडली. कुणावर रागवायचं तेच त्यांना कळेना, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

मंगळवारी जीप आली. साहेबांनी पाया पाहिला, घड्याळ पाहिलं. "भिंत कुठाय, बाई?"

दीनाबाईंनी तोंड उघडलं, तोवर आसाराम पुढं झाला. "भित आमी खाल्ली, सायेब."

साहेब हसले. "म्हाताऱ्यानं सकाळीच घेतलेली दिसतेय."

"शुद्धीत आहेत ते!" दीनाबाई कडाडल्या. "भिंत होती. कमरेइतकी होती. यांनी स्वतःच्या हातानं घडवली आणि स्वतःच्याच हातानं फोडली, पोरांच्या तोंडात घास जावा म्हणून. ते ढीग बघा. टाके दिसतात का नाही?"

"मला ढीग बघायला पाठवलेलं नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "येत्या सोमवारी गावातल्या शाळेत हजर व्हा. इथलं पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी ही पोरं हातोडा धरतील!"

"बाई, सगळ्या तालुक्याला दुष्काळ आहे," साहेब म्हणाले, आणि जीप वळली.

आठवडाभर दीनाबाई खोपट खोपट फिरल्या. "मी स्वतः हाताला धरून नेते. माझ्या पुढ्यात बसवते. कोण चिडवतो ते बघते मी." बाया माना डोलावायच्या. आसाराम म्हणाला, "न्या की, बाई," पण त्याच्या घरात पोरच नव्हतं. गोजरबाई म्हणाली, "बघू." सुकडी आता कामावरच वाटली जायची, जो हजर त्यालाच. आणि चांगुणाच्या हाताशिवाय गोजरबाईची खडीची पाटी डोक्यावर चढत नव्हती.

सोमवारी सकाळी दीनाबाई धुवट पांढरं लुगडं नेसून लिंबाखाली उभ्या राहिल्या. ऊन चढायला लागलं. खाणीतून हातोड्यांचा आवाज येत होता आणि त्यात मधूनच पोरांचाही आवाज होता. कुणी आलं नाही. दोनदा त्यांनी वस्तीकडे तोंड करून हाक मारायला श्वास घेतला, दोन्ही वेळा तसाच सोडला. मग पिशवी खांद्याला लावली आणि गावाच्या वाटेला लागल्या. चाल नेहमीचीच होती, भरभर, घुश्शातली. मागं वळून त्यांनी पाहिलं नाही.

ढिगावर बसलेल्या गोजरबाईनं ते पाहिलं. हातोडा तिनं मांडीवर ठेवला. शेजारी चांगुणा खडी भरता भरता अर्धी उठली होती, तिचेही डोळे वाटेवरच होते. गोजरबाईनं तिच्या परकराचं टोक मुठीत धरलं. ओढलं नाही आणि सोडलंही नाही. पांढरं लुगडं वाटेच्या वळणावर दिसेनासं झालं, तरी ते टोक तिच्या मुठीतच होतं.